चकल्यांखालचा कागद

२०२३ साल. आश्विन महिना, वसुबारसेआधीचा शनिवार. दहिसरमध्ये उन्हाचा चटका अजून गेला नव्हता. त्या दिवशी माझ्याकडून गुन्हा घडला.

मी स्टीलचा डबा बोलतोय. पोटावर नाव कोरलंय, धाकू गणू परब. गिरणीच्या शेवटच्या बोनसात धाकूने मला घेतलं. रवा ठेवा, लाडू ठेवा, माझ्यात कधी मुंगी शिरली नाही. झाकण घट्ट. त्याची मला घमेंड होती.

धाकूचा मुलगा सुबोध बोरिवलीत कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसतो. त्याला मनाचा आजार आहे. कधी महिनाभर अंथरुणातून उठत नाही. कधी चार-चार दिवस झोपत नाही, बोलत सुटतो, दिसेल ते वाटत सुटतो. गोळी रोज घेतली की माणूस सरळ असतो. घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं. धाकूची तशी सक्त ताकीद होती. धाकटी श्वेता लग्नाची होती.

त्या शनिवारी कांदिवलीचे पाहुणे तिला बघायला आले. धाकूने घाईघाईने गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरची चिठ्ठी माझ्या तळाशी सारली, वर वर्तमानपत्राचा कागद घातला. बायकोला, नंदाला, सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर नंदाने मला उघडलं. फराळाच्या डब्यात तेल टिपायला बायका कागद घालतातच. कागद घातलेला आहे, बरं झालं, असं म्हणून तिने वर चकल्या रचल्या आणि मला व्हायोलेटकडे पाठवलं. व्हायोलेट नदीपलीकडच्या गावठाणात राहते. दोघी पूर्वी एका कंपनीत पॅकिंगला होत्या.

मी नुसता खडखडलो असतो तरी नंदा थांबली असती. मी गच्च भरलेला होतो. वाजलो नाही.

पुढचं मला नंतर कळलं. धाकू आणि नंदा ते एकमेकांशी कितीदा तरी बोलले.

संध्याकाळी धाकूने विचारलं, "माझा डबा कुठंय?"

"व्हायोलेटकडे. का हो?"

कारण कळल्यावर नंदा चप्पल घालायला लागली. "मी आणते जाऊन."

"बस खाली. दिवाळीचा डबा कुणी मागायला जातं? ती उघडून बघेल."

"मग पोराने काय करायचं?"

"येईल डबा आपोआप. दोन दिवसांनी काही होत नाही."

सोमवारी सुबोध म्हणाला, "बाबा, मला झोप नाही. डबा आणा ना."

"डॉक्टर रजेवर गेलाय. चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही."

"दुसरा डॉक्टर आहे की."

"त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं? कुणी ऐकलं तर?"

मी तेव्हा व्हायोलेटच्या फळीवर होतो. ती चहाबरोबर दोन-दोन चकल्या खायची. तिला गोडापेक्षा तिखट आवडतं. दोनच खायची. मी मनात म्हणत होतो, बाई, हात चालव.

गुरुवारी सुबोधने काउंटरवरची पार्सलं उचलली आणि रस्त्यावरच्या माणसांना वाटली. "दिवाळी आहे, घ्या." मालक श्यामकांतचा फोन आला. "परब, तुमचा पोरगा पिऊन आलाय का?"

धाकू म्हणाला, "हो."

दारुडा म्हटलेलं त्याला चाललं. सुबोध तोवर घरी परतून शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. त्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

त्याच दुपारी व्हायोलेटला कागद लागला. तो उचलून तिने खालची पाकिटं बघितली, चिठ्ठीवरचं नाव वाचलं. मग मला पदराखाली धरून तडक परबांच्या घरी आली.

"धाकूदादा, या गोळ्या कुणाच्या ते मी विचारत नाही. बारा वर्षं मी याच घेते. सासूला सांगितलंय, ब्लडप्रेशरच्या."

धाकूने माझं झाकण दाबून लावलं.

"आमच्यात म्हणतात, आत सैतान शिरला. तुमच्यात काय म्हणतात?"

"बाहेरचं लागलं म्हणतात."

"म्हणजे आमचा आत जातो, तुमचा बाहेरून येतो. रस्ता एकच." ती हसली. नंदा रडायला लागली. "नंदे, रडतेस काय? आधी त्याला दवाखान्यात ने."

त्या दिवशी जो डॉक्टर होता त्याच्याकडे नंदाने सुबोधला नेलं. धाकूने पहिल्यापासून सगळं स्वतः सांगितलं. सुबोध तीन आठवडे घरी होता. कांदिवलीचा निरोप अजून आलेला नाही. श्वेता म्हणते, नको येऊ दे.

सुबोध सावरला. बापाशी बोलत मात्र नव्हता. वाढलेलं जेवायचा आणि उठायचा. धाकू ताटावर बसून राहायचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, कधी कुणापुढे मान खाली घातली नाही. मला त्याचा राग येत नव्हता. घट्ट झाकणाचा अभिमान आम्हा दोघांनाही होता.

एका सोमवारी त्याने मला पिशवीत घातलं, सुबोधला म्हणाला, "चल," आणि बोरिवलीच्या ऑफिसात गेला. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती. धाकूने मला तिथे ठेवलं, झाकण काढलं.

"शेठ, माझा मुलगा प्यायला नव्हता. त्याला आजार आहे, या त्याच्या गोळ्या. पाच दिवस त्या मी मिळू दिल्या नाहीत. तुम्हाला फोनवर मी खोटं बोललो."

मग तो सुबोधकडे वळला आणि म्हणाला, "माझं चुकलं."