ताज्या चुन्यावरचे रक्त

सुज्ञ वाचकहो! आज मी आपणासमोर जी कथा नम्रपणे मांडीत आहे, ती एका मातेची, एका कबरीची आणि गुलाबदाणीभर पाण्याची आहे. या पाण्याच्या योगे मृताच्या आत्म्याचा ठावठिकाणा कळतो, असे लोकांस सांगण्यात आले होते. ते कितपत खरे होते, हे कथेच्या ओघात उघड होईलच. कोणत्याही धर्मबांधवाचे मन दुखविण्याचा माझा हेतू नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे त्यांनी ही कथा अवश्य वाचावी. आणि ज्यांचे गेलेले नाही त्यांनी तर आधी वाचावी, कारण शोक घरात शिरला म्हणजे वाचन होत नाही.

दोन नोव्हेंबर हा दिवस ख्रिस्ती बांधव आपल्या मृतांच्या स्मरणार्थ पाळतात. त्या सकाळी रायपूरच्या एका जुन्या कब्रस्तानात पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती. कोणी गवत उपटीत होते, कोणी कबरीस चुना लावीत होते, कोणी झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस मांडीत होते. परंतु दहाच्या सुमारास सर्वांचे हात थांबले आणि माना फाटकाकडे वळल्या. कारण साक्षात ब्रदर लोकेश आले होते!

हे ब्रदर लोकेश कोणत्या मंडळीचे, हे कोणासही ठाऊक नव्हते. पांढरा सफारी, पांढरे बूट आणि हातात चकाकणारी गुलाबदाणी. ते एका ओट्यावर चढले आणि गरजले,

"भाइयों और बहनों! डॉक्टर हड्डी का फोटो निकालता है, हम आत्मा का निकालते हैं! ये अभिषेक का पानी है. कबर सफेद रही, तो आत्मा सुखलोक में, सीट कन्फर्म! लाल हुई, तो समझो बीच की आग में अटकी है, वेटिंग लिस्ट में! हालेलूया बोलो!"

"हालेलूया!" गर्दी ओरडली.

ज्यांनी चाळीस वर्षे रेल्वेच्या वॅगनी दुरुस्त केल्या, त्या हिरालाल उजागरे यांना परमेश्वराच्या दारीसुद्धा वेटिंग लिस्ट असते, ही वार्ता नवीनच होती. त्यांच्या ओठांवर किंचित हसू आले. मात्र शेजारी उभ्या असलेल्या पत्नीचा चेहरा पाहताच ते मावळले. प्रेमलाबाईंनी दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते, आणि त्या हातांवरचा चुना अजून ओला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिशिर रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवीत असे. जून महिन्यात कामावरून परतताना त्याच्या मोटारसायकलीस ट्रकची धडक बसली आणि सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याच दिवशी सकाळी मायलेकांत वाद झाला होता. तीन वर्षांपासून तो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येत नसे. प्रेमलाबाई रागाने म्हणाल्या होत्या, "देवाच्या घरी येत नाहीस, त माझ्या घरी जेवू नको!" तो न जेवता निघून गेला. त्या आईने आपल्या पोराशी बोललेले ते शेवटचे वाक्य होते.

ब्रदर लोकेश यांनी प्रथम एका ठेकेदाराच्या संगमरवरी कबरीवर पाणी शिंपडले. काही झाले नाही. "सुखलोक!" मग एका मोडक्या क्रूसाच्या, गवत माजलेल्या, बेवारस कबरीवर शिंपडले. काही झाले नाही. "सुखलोक!" पुढे तीन-चार चुना लावलेल्या कबरी गुलाबी झाल्या आणि बायकांनी हंबरडा फोडला. शेवटी ते शिशिरच्या कबरीपाशी आले. त्या मातेने पहाटे उठून आपल्या हाताने तिला चुन्याचे दोन हात दिले होते. पाण्याचे थेंब पडले मात्र, त्या शुभ्र कबरीवर असा गडद रंग फुटला, की जणू आतून रक्तच पाझरले!

"माताजी," ब्रदर आवाज मऊ करून म्हणाले, "बेटा कैसे गया था? मन में कोई बात है?"

प्रेमलाबाईंनी भर गर्दीत सर्व सांगून टाकले. ब्रदरांनी डोळे मिटले आणि निकाल दिला, "वो भूखा गया, इसलिए आग में भूखा है. अब माँ का शरीर उसके बदले तपेगा. दिनभर निर्जल, शाम को एक कटोरी पेज. दवाई-गोली बंद. दवाई मतलब देह का लाड़. आठ दिन बाद फिर देखेंगे."

आता वाचकांनी हे जाणून घ्यावे, की प्रेमलाबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह होता. रोज सकाळी इन्शुलिनची सुई घ्यावी लागे, आणि डाव्या पायाच्या अंगठ्यास झालेली जखम महिनाभरापासून भरत नव्हती.

हिरालालांनी घरी येऊन सुईची डबी पुढे केली.

"प्रेमला, उपास कर, मी नाही म्हणत नाही. पण सुई घे."

"माझं पोरगं आगीत आहे अन् मी सुई घेऊ?"

"अवं, त्या ब्रदरचं काही खरं नाही."

"मंग ते लाल कसं झालं, सांगा ना! दोन डोळ्यांनी पाह्यलं ना तुम्ही?"

हिरालालांनी सुईची डबी पुन्हा फळीवर ठेवली. लाजिरवाणी गोष्ट ही, की त्यांच्याही मनात भय शिरले होते. पाहिलेले कसे नाकारावे?

त्यांनी आपल्या चर्चच्या वृद्ध पाळकसाहेबांना घरी बोलावून आणले. पाळकसाहेबांनी खुर्ची जवळ ओढून शांतपणे समजाविले, "बाई, आपण असे मानतो की देह मातीत जातो, आत्मा प्रभूच्या स्वाधीन होतो आणि अंत्यदिनी पुनरुत्थान होते. आपले रोमन कॅथलिक बांधव मधली शुद्धीची अवस्था मानतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. पण त्यांच्यातही कोणी आत्म्याचा पत्ता गुलाबदाणीतून काढत नाही. न्याय करणारा तो आहे, लोकेश नव्हे."

"सगळं पटते, साहेब," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पण लाल काहून झालं?"

पाळकसाहेब काठी घेऊन उठले. श्रद्धेचे उत्तर त्यांच्यापाशी होते, रंगाचे नव्हते.

आठ दिवस झाले. त्या रविवारी पहाटेच प्रेमलाबाई लंगडत कब्रस्तानात गेल्या आणि त्यांनी कबरीस पुन्हा ताजा चुना लावला. हिरालाल म्हणाले, "मागच्या हप्त्यातच त लावला होता." त्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्यावर तो लाल डाग पडला होता. देवाचा माणूस येऊन राहिला, पोराची कबर तशीच ठेवू का?"

ब्रदर आले. मागच्या वेळी लाल झालेल्या कबरींवर त्यांनी पाणी शिंपडले आणि काय आश्चर्य, त्या सर्व पांढऱ्याच राहिल्या! "छूट गए! कन्फर्म!" लोक आनंदाने रडू लागले. आणि शिशिरची कबर? ती पहिल्यापेक्षाही लाल झाली.

"माताजी, आपके उपवास में खोट है," ब्रदर उद्गारले आणि पुढे निघून गेले.

त्या दिवसापासून प्रेमलाबाईंनी संध्याकाळची पेजही अर्धी केली. अंगठा काळा पडू लागला होता. त्यावर त्यांनी फडके गुंडाळले आणि पतीस पाहू दिले नाही.

शेजारच्या रामटेक्यांची भावना पंधरा दिवस कामानिमित्त बाहेरगावी होती. ही बौद्ध कुटुंबातील मुलगी काँक्रीट तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस होती. शिशिरला ती दादा म्हणत असे. शनिवारी ती भेटावयास आली, तेव्हा प्रेमलाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या पदराच्या चुना लागलेल्या कडेवर फिकट गुलाबी डाग होते.

"मावशी, पदराले हे काय लागलं?"

"शिशिरचं रक्त," प्रेमलाबाई शांतपणे म्हणाल्या.

भावना खाटेच्या कडेला बसली. तिने पदर हाती घेऊन निरखून पाहिला. मग ती स्कूटर घेऊन गेली आणि तासाभरात प्रयोगशाळेतून एक लहानशी बाटली घेऊन परतली. अंगणात चुन्याची बादली होती. तिने भिजलेल्या चुन्यावर एक थेंब टाकला. चुना गडद गुलाबी झाला. दुसरा थेंब तिने गेल्या वर्षी चुना दिलेल्या भिंतीवर टाकला. भिंत तशीच राहिली. हिरालाल दारात उभे राहून पाहत होते.

"काका, हे फिनॉल्फ्थॅलिन. लाच घेणाऱ्याले पकडतात तेव्हा हात धुतले का पाणी गुलाबी होते ना? तेच औषध. आम्ही रोज काँक्रीटवर मारतो. चुना ताजा असला का गुलाबी होते. हवा लागून लागून जुना झाला का, पातळ थर त आठ दिवसांतच, त्याचा खडू होते, मग रंग येत नाही. संगमरवराले त येतच नाही."

हिरालालांनी हळूहळू जुळवून पाहिले. "म्हणजे ज्यायनं कबरीले हात नाही लावला, त्यायचा माणूस सुखलोकात."

"हव, काका."

"अन् मागच्या वेळी लाल होते ते सुटले, कारण त्यायनं दुसऱ्यांदा चुना नाही लावला."

"हव."

"अन् हिनं जेवढी माया केली, तेवढा पोरगा आगीत गेला."

भावनेने बाटलीचे बूच लावले. ती रडत होती.

तरीही, वाचकहो, प्रेमलाबाईंना ते पटले नाही! त्या म्हणाल्या, "ते तुझ्या बाटलीतलं पाणी. ब्रदरचं पाणी वेगळं. अन् तू बुद्धाची, तुमच्यात त आत्माच नाही मानत."

"आत्म्याचं राहू द्या, मावशी. तुमचा पाय दाखवा."

"उद्या कबर पांढरी झाली का दाखवीन."

रविवारी गर्दी दुप्पट होती. प्रेमलाबाईंना धरून आणावे लागले. त्या कबरीच्या उशाशी बसल्या. कबरीवर पहाटेचा चुना ओला होता. तो त्यांनी बसल्या बसल्या हाताने सारवला होता. पाळकसाहेब काठी टेकीत आले होते. भावना मागे उभी होती.

"आज माँ की परीक्षा का दिन है!" ब्रदर गरजले आणि त्यांनी गुलाबदाणी उचलली.

तेवढ्यात हिरालाल पुढे आले. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, तिच्यातला चुना डाव्या तळहातावर चोळला आणि पाणी पडण्याच्या क्षणी तो हात कबरीवर धरला. थेंब त्यांच्या हातावर पडले. हात लालबुंद झाला.

लोक पुढे सरकले. हिरालालांनी तो हात वर केला.

"पाहा! हा माझा हात. मी जिता आहे. माझा आत्मा कोणत्या आगीत आहे, सांगा ब्रदर?"

"ये... ये पाप का निशान है!"

"तंबाखू खातो एवढंच पाप," हिरालाल म्हणाले. "अन् त्याचा चुना बारा आण्याचाही नाही."

कोणीतरी हसले. एक पानवाला गर्दीतून ओरडला, "अरे भैया, फिर तो मेरी पूरी दुकान नरक में है!" भावनेने पुढे येऊन ब्रदरांच्या हातातली गुलाबदाणी घेतली आणि जवळच्याच फाटकाच्या ताजा चुना दिलेल्या खांबावर तिच्यातले पाणी शिंपडले. खांब गुलाबी झाला. मग तिने सर्वांना चुन्याची गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली. "सूंघ के देखो, गुलाबजल के नीचे स्पिरिट की बास है."

"शैतान ने पानी बदल दिया!" असे ओरडत ब्रदर लोकेश फाटकाकडे सरकले आणि पांढरे बूट चिखलात घालीत दिसेनासे झाले.

पण सर्वच हसत नव्हते. एक म्हातारी विधवा भावनेपाशी येऊन म्हणाली, "बेटी, मेरे आदमी का तो छूट गया बोला था. वो भी झूठ?" भावनेने तिचा हात हाती घेतला. 

आणि प्रेमलाबाई! त्या पतीच्या लाल हाताकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी पाळकसाहेबांना विचारले, "मंग माझा शिशिर कुठं आहे?"

"तो प्रभूजवळ आहे असा माझा विश्वास आहे, बाई. विश्वास आहे, डोळ्यांनी पाहिलेले नाही. ज्याने पाहिले असे सांगितले, तो खोटे बोलला."

"अन् मी उपाशी राहिली, ते?"

पाळकसाहेब पुढे वाकले. त्या तशाच एका अंगावर कलंडल्या.

रुग्णालयात डॉक्टरांनी फडके सोडले आणि म्हटले, "पंधरा दिवस आधी आणले असते, तर फक्त अंगठ्यावर निभावले असते." डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. प्राण वाचले.

तीन दिवसांनी प्रेमलाबाई नीट शुद्धीवर आल्या. चौथ्या दिवशी त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "तो भुकेला गेला, हे त खरंच आहे ना? ते काही चुन्यानं नाही झालं."

हिरालाल खाटेजवळ सरकले. मग म्हणाले, "प्रेमला, त्या दिवशी मी घरातच होतो. पेपर वाचून राहिलो होतो. तू बोलली, मी आयकलं. 'बस रे शिशिर, जेव,' एवढं मले म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. मले वाटलं, संध्याकाळी येईलच."

पाच महिन्यांत हे शब्द त्यांनी कोणासही सांगितले नव्हते. प्रेमलाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि शिशिर गेल्यानंतर प्रथमच ती दोघे नवराबायको एकमेकांना धरून रडली. इतके दिवस तो शोक गुलाबदाणीतल्या पाण्याने अडवून ठेवला होता. परिचारिका सुई घेऊन आली, तेव्हा प्रेमलाबाईंनी डोळे न पुसताच दंड पुढे केला.

प्रिय वाचकहो! मरणानंतर काय होते, हे मला ठाऊक नाही, आणि ज्यास जे मानावयाचे असेल ते त्याने सुखाने मानावे. माझी विनंती एवढीच आहे. कोणी तुमच्या मृताची खूण दाखवू लागला, तर तीच खूण दगडावर, भिंतीवर, स्वतःच्या हातावर उमटते काय, हे आधी पाहा. कोणी औषध बंद करावयास सांगितले, तर त्याच पावली डॉक्टरांकडे जा. आणि घरात कोणी दुःखी असेल, तर त्याच्याजवळ बसा; तुम्ही बसला नाहीत, तर तेथे एखादा लोकेश येऊन बसेल.

माझ्या अल्प शिक्षणामुळे लेखनात काही उणे राहिले असल्यास क्षमा करावी. ही कथा शेवटपर्यंत वाचल्याबद्दल मी सर्व वाचकांचा मनापासून आभारी आहे.

आपला नम्र,
तुळशीराम गजभिये,
पुरानी बस्ती, रायपूर