उन्हं उतरायच्या आत

बाळाचे कपडे उन्हं उतरायच्या आत घरात आले पाहिजेत, हे यासनाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नदीकाठच्या त्या सर्बियन गावात ज्या घरी तान्हं मूल असे, त्या घरची दोरी संध्याकाळी रिकामी दिसे. चुकून काही बाहेर राहिलंच, तर ते पुन्हा धुवून, कडकडीत इस्त्री फिरवून मगच बाळाच्या अंगाला लावायचं. का, ते कुणी सांगत नसे. फार विचारलं तर बायका एवढंच म्हणत, कपड्यांना अंधार लागतो. यासना शाळेत गणित शिकवायची. असल्या गोष्टींना ती हसे, आणि हसत हसत त्या पाळतही असे.

इस्क्रा आता पाच महिन्यांची झाली होती. त्यातले दोन महिने यासना इस्पितळात होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली, मग नळाचं पाणी तिच्याशी बोलू लागलं, आणि पुढचं तिला नीटसं आठवत नव्हतं, ते एका परीने बरंच होतं. गोळ्यांनी पाण्याला गप्प केलं, आणि जाता जाता आणखीही बऱ्याच गोष्टींना. हात सारखे थरथरत, त्यामुळे ती खोलीत शिरायच्या आधीच कॉफीची कपबशी खुळखुळून वर्दी देई. जीभ सुकून टाळूला चिकटे. अंगावर चौदा किलो चढले होते आणि लग्नाची अंगठी साबण लावूनही निघत नव्हती. नवऱ्याला ती म्हणे, आता तुझी सुटका नाही. थट्टा करता येत नव्हती ती एकाच गोष्टीची. इस्क्रा रडू लागली की यासना उठे, दूध गरम करी, मनगटावर थेंब टाकून पाही, सगळं बिनचूक. पण आत काही हलत नसे. जणू शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय, आणि भिंत चांगली जाड आहे.

महिनाअखेरीस तपासणी होती. सगळं स्थिर असेल तर गोळी निम्मी करू, असं डॉक्टर ग्रुयिच म्हणाले होते. नसेल तर सध्या घर सांभाळायला आलेल्या सासूबाई, रादोयकाबाई, नातीला हिवाळाभर आपल्या खेड्यावर नेणार होत्या. तसं कुणी बोललं नव्हतं, पण खेड्यावरच्या धाकट्या खोलीतली शेगडी त्यांनी दुरुस्त करून घेतली होती. नवरा, नेबोयशा, मालट्रक घेऊन ऑस्ट्रियाच्या फेऱ्या करी, शनिवारी उगवे, आणि आई आणि बायको यांच्या मध्ये बसून मुकाट्याने सूप पीत राही.

चूक झाली ती ऑक्टोबरातल्या एका दुपारी. रादोयकाबाई दात दाखवायला गेल्या होत्या, इस्क्रा झोपली होती, म्हणून यासनाही दहा मिनिटं आडवी झाली. गोळीची झोप म्हणजे ओली रजई. ती अंगावरून बाजूला करता करताच माणूस थकतो. जाग आली तेव्हा खिडकी निळी पडली होती. ती अनवाणी अंगणात धावली. इस्क्राचे नऊ कपडे दोरीवर गार होऊन लोंबत होते. तिने ते छातीशी गोळा केले आणि फाटकाची कडी वाजली म्हणून तसेच, न धुता, इस्त्री न फिरवता, खणात कोंबले.

"घेतलेस ना गं कपडे वेळेत?" गाल धरून रादोयकाबाईंनी विचारलं.

"घेतले की, आई."

दुसऱ्या दिवशी तिने नऊ कपडे वाळत घातले आणि काढताना ते दहा झाले.

दहावा होता एक पिवळा लोकरी मोजा. ओलसर, त्यांच्याच साबणाच्या वासाचा, पण इस्क्राचे दोन्ही पाय एकदम मावतील एवढा. वरच्या मजल्यावरून पडला असेल म्हणून तिने तिथल्या म्हाताऱ्या स्मिल्याबाईंना विचारलं. त्या चष्मा कपाळावर चढवून हसल्या.

"या इमारतीत बिनदाताचं मूल तुझं एकच, बाई. बाकीचे बिनदातांचे आम्ही, आणि आमच्या पायात हा चढायचा नाही."

मग एक दिवस टोपी आली. मग गुडघ्यावर ठिगळ लावलेली निळी विजार, तीन-चार वर्षांच्या लेकराला होईल अशी, गवताचे डाग धुऊनही हिरवट राहिलेली. ते ठिगळ यासना बराच वेळ बघत राहिली. टाका पुढे जाऊन निम्मा मागे यायचा आणि चौथ्या टाक्याला बारीक गाठ. आपल्या आत्याकडून तिने तो उचलला होता आणि आत्या गेल्यावर तसं शिवणारं दुसरं कुणी तिच्या माहितीत नव्हतं. टाके सरळ होते, शांत हाताने घातलेले. यासनाला मे महिन्यापासून सुईत दोरा ओवता आला नव्हता.

तिने ती विजार तोंडाशी धरली. आणि छातीच्या आत, इतके महिने जिथे नुसती भिंत होती तिथे, काहीतरी ऊन ऊन वाहू लागलं. गुडघा फुटला असेल. रडली असेल का? कुणी फुंकर घातली असेल? ती जमिनीवर बसून हमसाहमशी रडली, आणि पाळण्यातून इस्क्रा तिच्याकडे अगदी गंभीरपणे बघत राहिली.

त्यानंतर यासना दुपारची वाट बघू लागली. कपडे रोज येत नसत, पण येत ते मागच्यापेक्षा मोठे. आलेले ती पलंगाखालच्या बॅगेत ठेवी. एकदा शाळेचा गडद झगा दोरीवर होता, बाहीला खडू लागलेला, तेवढ्यात रादोयकाबाई अंगणातून आल्या. दोरीखालून जाताना नेमक्या झग्यापाशी त्या वाकल्या आणि आत निघून गेल्या. त्यांनी पाहिलं असेल का, की वय झाल्यामुळे त्या सगळीकडेच वाकून चालतात, हे गणित यासनाला सुटलं नाही.

तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिने छापील फॉर्म भरला. मागच्या चार आठवड्यांत आपल्या जगण्याबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच. तिने तीनवर खूण केली. तीन हा सभ्य आकडा आहे, त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. जवळच्या माणसांविषयी माया वाटते का? तिथे पेन थांबलं. वाटते, खूप वाटते. कुणाविषयी, ते फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं. तिने पाच लिहिलं.

"हातांचं काय?" डॉक्टर ग्रुयिच म्हणाले. रादोयकाबाई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या.

"फळ्यावर वर्तुळ काढलं तर मुलं त्याला बटाटा म्हणतील."

डॉक्टर हसले. "आणि इतरांना दिसत नाही असं काही दिसतं?"

बॅगेतल्या कपड्यांचं ओझं एकाएकी मांडीवर येऊन बसल्यासारखं तिला वाटलं. खरं सांगितलं तर गोळी दुप्पट होणार, आणि खेड्यावरची ती शेगडी पेटणार.

"नाही."

"कपडे मात्र वेळेवर काढते हो," रादोयकाबाई अचानक म्हणाल्या. "ते मी बघितलंय."

गोळी निम्मी झाली. थरथर एखादा पाहुणा जावा तशी गेली, निरोप घेत घेत, दोनदा मागे फिरून. जीभ ओली झाली. कॉफीला कॉफीची चव आली. पंधरा दिवसांनी रादोयकाबाईंनी आपली पिशवी भरली, दारात इस्क्राच्या कपाळावर ओठ टेकले आणि यासनाची हनुवटी दोन बोटांत धरली. "आता तुझी तू सांभाळशील गं." हे ऐकण्यासाठी यासनाने काय काय केलं असतं! नेबोयशाने फोनवरून दोनदा विचारलं, खूश आहेस ना? ती म्हणाली, आहे.

दोरीवर मात्र आता नऊ घातले की नऊच निघत.

पहिला आठवडा तिने स्वतःला बजावलं, की हेच तर बरं होणं. बॅग उघडून ती मोजा, विजार, झगा नाकाशी धरी. साबणाचा वास उडून त्यांना बॅगेचा वास येऊ लागला होता. एका सकाळी तिने पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा ओवला आणि मग हातात सुई घेऊन नुसती बसली. सहा महिन्यांच्या पोरीचे गुडघे फाटत नाहीत. इस्क्रा रडली. यासना उठली, दूध गरम केलं, मनगटावर थेंब टाकला. भिंत पातळ झाली होती, हे खरं होतं. पलीकडचं रडणं आता स्पष्ट ऐकू येई. पण कान देऊन ऐकलं, की ते इस्क्राचं नसे. ते थोड्या मोठ्या मुलीचं होतं, जिला किती तरी दिवसांत कुणी घ्यायला आलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी तिने इस्क्राचे सगळे कपडे धुतले, स्वच्छ होते तेही, आणि दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. चार वाजले. वरच्या खिडकीतून स्मिल्याबाई ओरडल्या, "अगं पोरी, ऊन चाललं! काढ की कपडे!"

"काढते हो," यासना म्हणाली, आणि आत येऊन अंगणाकडच्या काचेच्या दारापाशी इस्क्राला मांडीवर घेऊन बसली.

ऊन भिंतीवरून चढत कौलांवर गेलं आणि मग तिथूनही गेलं. अंगण निळं झालं. वारा मुळीच नव्हता. दोरीच्या मध्यावरचे छोटे छोटे अंगरखे हळूच दोन्ही बाजूंना सरकले, कमरेएवढ्या उंचीच्या कुणी त्यांतून वाट काढावी तसे.

इस्क्राने आजवर कुणाकडेही झेप घेतली नव्हती. ती खुदकन हसली आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखे तिने दोन्ही हात काचेकडे पसरले.

यासनाने तिला अलगद खाली, सतरंजीवर ठेवलं, आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर दाराची कडी काढली.