मास्तरांची बुर्जी

स्पर्धा संपायच्या आधीच तिचा समारोप सुरू व्हावा, हे आमच्या पांढुर्ण्यालाच जमतं. १९५६ सालच्या ऑक्टोबरातला शेवटचा रविवार होता. दिवाळी तोंडावर आलेली, आणि येत्या गुरुवारी नवं राज्य येणार होतं. विदर्भ मुंबई राज्यात चालला होता, सौंसर-पांढुर्णा मात्र मध्य प्रदेशातच राहून नागपूरऐवजी भोपाळकडे तोंड करून बसणार होतं. कुणाला आनंद झाला होता, कुणाला सुतक लागलं होतं. म्हणून जिनिंगच्या आवारातल्या मांडवाला दोन कमानी होत्या. एकीवर 'शतरंज' लिहिलेलं, दुसरीवर 'बुद्धिबळ'. पहिली जिनिंगचे मालक पुंडलिकराव यांची, कारण त्यांना येत्या निवडणुकीत भोपाळच्या वाटेनं तिकीट हवं होतं. दुसरी रघुनाथराव वकिलांची, कारण आपली तहसील महाराष्ट्रात जावी म्हणून त्यांनी तीन वर्षं अर्ज खरडले होते. प्रमुख पाहुण्यांना कोणत्या कमानीतून आणायचं यावर सकाळी तासभर खडाजंगी झाली. पाहुणे शेवटी मागच्या बाजूनं, सरकीच्या ढिगाजवळून आले, कारण मोटारीला तिकडे सावली होती.

पाहुणे दोन तास आधी आले ही खरी अडचण. त्यांना चार वाजता छिंदवाड्याला निघायचं होतं. तेव्हा बँड वाजला, स्वागतगीत झालं, हारतुरे झाले, आणि या सगळ्या गलक्याच्या मधोमध मंचापुढच्या गादीवर दोन माणसं खाली मान घालून अंतिम डाव खेळत होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लग्नात नवरा-नवरीकडे कोण बघतो? जो तो पंगतीची वाट बघतो.

त्यातले एक नत्थूजी मास्तर. सौंसरच्या जनपद सभेच्या शाळेत शिकवायचे. वय पन्नासच्या पुढे, बायको जाऊन सोळा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुसरे यशवंतराव, सौंसर तहसील कचेरीतले नाझर. हे दोघं चौदा वर्षं रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर बुद्धिबळ खेळत आले होते. रोज म्हणजे रोज. यशवंतरावांच्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशीही, वरात निघाल्यावर, त्यांनी एक डाव मांडला होता. खेळताना बोलायचं नाही ही दोघांची शिस्त. आणि खेळ झाला की यशवंतराव टोपी घालून घरी जात. म्हणजे चौदा वर्षांत ही माणसं एकमेकांशी बोलली तरी कधी, हा प्रश्नच आहे.

जूनमध्ये कर्मचाऱ्यांच्या वाटपाची यादी आली. यशवंतरावांचं नाव मुंबई राज्याकडे लागलं होतं, बदली यवतमाळला. संध्याकाळी ते आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माहं नाव तिकडं निघालं, मास्तर." मास्तर म्हणाले, "हं." मग त्यांनी मोहरे मांडले. थांबा म्हणावं असं त्यांना वाटलं होतं, पण म्हटलं नाही. त्याची मुलगी तिकडे, सोयरेधायरे तिकडे. आपण कोण त्याला थांबवणारे? असं ते स्वतःला रोज समजावत, आणि रोज हत्ती पुढे काढत.

आज यशवंतराव सामान घेऊनच पांढुर्ण्याला आले होते. बायको, विजयमालाबाई, आठ दिवसांपूर्वी पुढे गेली होती. साडेपाचच्या पॅसेंजरनं तेही जाणार. म्हणजे या गादीवरचा डाव उठला की संपलं.

मास्तरांनी मात्र एक बेत करून ठेवला होता. स्पर्धा देशी पद्धतीची. देशी खेळात समोरच्याचा राजा एकटा उरला, त्याच्याजवळ एक प्यादंसुद्धा राहिलं नाही, की मग मात होत नाही. डाव बुर्जी होतो, म्हणजे बरोबरीत सुटतो. म्हणून ज्याला जिंकायचं असतं तो समोरच्याचं एखादं प्यादं डोळ्यांत तेल घालून जपतो. आणि छापील नियमावलीचं सातवं कलम असं होतं, की अंतिम डाव बुर्जी झाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडावा. मास्तरांनी ते कलम इतक्या वेळा वाचलं होतं की कागद घडीवर फाटायला आला होता. एक दिवस. डाव पुन्हा बुर्जी झाला तर दोन दिवस. गाडी चुकली की यशवंतराव राहायला आपल्याकडेच येणार. सकाळी निघण्यापूर्वी मास्तरांनी दुसरी गादी उन्हात घातली होती आणि शेजारच्या उषाबाईंना सांगून ठेवलं होतं की रात्री भाकरी दोघांच्या करा.

असं वागण्यापेक्षा माणसानं सरळ दोन शब्द बोलावेत. पण हे तुम्हाआम्हाला कळतं. मास्तरांना सातवं कलम सोपं वाटलं.

पाहुण्यांचं भाषण रंगात आलं तेव्हा पटावर मास्तरांचे दोन हत्ती होते, आणि यशवंतरावांचा राजा कोपऱ्यात, सोबतीला एक प्यादं. मात तीन चालींवर होती. शाळेतल्या पोरालाही दिसली असती. यशवंतरावांनाही दिसत होती. त्यांनी हात मांडीवर ठेवून दिले होते. मास्तरांनी हत्ती उचलला आणि प्यादं मारलं.

"बुर्जी! बुर्जी झाली!" पंच ओरडले.

यशवंतरावांनी पटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

मंचावर मात्र धांदल उडाली. हार एका विजेत्यासाठी आणलेला, करंडकावर एकाच नावाला जागा. करंडक चांदीचा असं पत्रिकेत छापलं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातला तो होता, पण उंच होता आणि फोटोत भरून दिसणार होता. पुंडलिकराव ध्वनिक्षेपकापुढे आले. "नियम आपल्या जागी ठीक आहे," ते म्हणाले, "पण पाहुणे उद्यापर्यंत थांबून नाही राहिले. अन् यशवंतरावजी गुरुवारपासून परराज्याचे. घरचा करंडक घरातच राहिला पाहिजे. म्हणून समितीनं नत्थूजी मास्तरायले विजेता ठरवलं आहे!" समितीची बैठक कधी झाली ते समितीलाही ठाऊक नव्हतं.

"हा सरासर अन्याय आहे!" रघुनाथराव वकील उठून गरजले. "सातवं कलम काय म्हणते? डाव उद्या झालाच पाहिजे!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वकील हा देवमाणूस वाटला. अर्धा मांडव वकिलांच्या बाजूनं उभा राहिला, अर्धा पुंडलिकरावांच्या. कुणी महाराष्ट्राचा जयजयकार केला, कुणी दुसऱ्याच कशाचा. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुंडलिकरावांच्या कानात काहीतरी सांगितलं. पुंडलिकराव वकिलांना बाजूला घेऊन गेले. दोन मिनिटांत दोघं हसत परत आले. आभारप्रदर्शन वकिलांनी करायचं ठरलं होतं, हवा तितका वेळ. सातव्या कलमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मास्तरांना मंचावर नेलं. हार घातला. करंडक हातात दिला. "उद्या... उद्या खेळतो न आमी," ते पुटपुटले, पण बँड सुरू झाला होता. यशवंतरावांनाही फोटोसाठी बोलावलं. ते आले, मास्तरांपासून हातभर अंतर ठेवून उभे राहिले, फोटो झाल्यावर पाहुण्यांना नमस्कार केला आणि खाली उतरून आपली ट्रंक उचलली. वकील आभार मानायला लागले ते पाऊण तास मानत होते. मास्तरांना खुर्चीतून उठता येईना. विजेता मध्येच गेला तर बरं दिसत नाही, असं पुंडलिकरावांनी दोनदा सांगितलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं आणि वर त्याच्यासाठी टाळ्या वाजवून घ्यायच्या.

सुटका झाली तशी मास्तर हार काढून स्टेशनाकडे पळत सुटले. करंडक कुठं ठेवायचा ते न सुचल्यामुळे तो काखेतच राहिला होता. यशवंतराव फलाटाच्या टोकाला ट्रंकेवर बसले होते.

"माहं प्यादं काहून मारलं, मास्तर?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"चुकलं."

"चौदा वर्सं खेळून राहिलो तुमच्यासंग. तुमी नाही चुकत. जाणाऱ्या माणसाची कीव आली का? हरलो असतो त काय मेलो असतो मी? शेवटचा डाव होता. नीट मारा लागत होतं मले."

"कीव नाही," मास्तर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "बुर्जी झाली त उद्या डाव होता. तुमाले थांबा लागलं असतं."

यशवंतरावांनी आता मान वर केली. राग उतरला होता, पण त्याच्या जागी जे आलं ते मास्तरांना रागाहून कठीण गेलं.

"मले थांबवासाठी?"

"हो."

"मास्तर, यादी आली तवा हरकत घ्याले महिन्याची मुदत होती. आमचे साहेब म्हणे, नाझर, इथं राहाचं असन त लिहून आना, मी शिफारस करतो. अर्ज लिहून ठेवला होता मी. रोज खिशात घालून तुमच्याकडं येत होतो."

"मंग देल्ला काहून नाही?"

"देणार होतो. घरची रोज विचारे, मास्तर काय म्हणतेत? मी सांगो, मास्तर काहीच नाही म्हणत. तिची तयारी होती. पोरीकडं काय, सणावाराले गेलो असतो. महिनाभर वाट पाह्यली. तुमी एका शब्दानं म्हटलं असतं त त्याच पायी कचेरीत गेलो असतो. तुमी रोज हत्ती काढा. मले वाटलं, यायले दुसरा कोणीबी चालते समोर."

मास्तरांनी काखेतला करंडक खाली ठेवला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त दुःख झालं. आपल्याला कुणी नाही, असं सोळा वर्षं मनाशी घोकत बसलेला हा माणूस. आणि रोज संध्याकाळी खिशात अर्ज घेऊन कुणीतरी समोर बसत होतं.

पॅसेंजर आली. ट्रंक चढवली. यशवंतराव खिडकीशी बसले आणि त्यांनी बाहेर तोंड काढलं. ते मास्तरांकडे बघत होते. अजूनही वाटच बघत होते, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. अर्जाची मुदत गेली होती, यवतमाळच्या हजेरीवर नाव चढलं होतं, आता शब्दानं काही व्हायचं नव्हतं. पण निदान तो शब्द घेऊन तरी त्यांना जायचं होतं.

मास्तर खिडकीजवळ गेले. ओठ हलले. गार्डानं शिट्टी दिली.

"पोहोचले की चिठ्ठी टाका," मास्तर म्हणाले.

"टाकतो," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी मान आत घेतली.

गाडी हलली. शेवटचा डबा जाम नदीच्या बाजूनं दिसेनासा होईपर्यंत मास्तर तिथंच उभे होते. मग रिकाम्या रुळांकडे बघत, वर्गात हजेरी घेताना लावतात तशा स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "नोका जाऊ, यशवंतराव."

फलाटावर ऐकायला कुणी नव्हतं.