झाकणाच्या आतला शेरा

लिफ्ट तपासली की वहीत शेरा लिहायचा असतो. आमच्या उस्तादने मला पहिल्याच आठवड्यात तीन शेरे शिकवले. ‘चालेल’ म्हणजे लवकर परत या. ‘समाधानकारक’ म्हणजे महिनाभर हरकत नाही. तिसरा शेरा वहीत लिहायचा नव्हताच. ब्रेकवर लोखंडी झाकण असतं. ते उघडायचं, आतल्या पट्ट्यांवरून स्वतःचं बोट फिरवायचं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने तारीख टाकून लिहायचं, ‘मन भरलं’.

“समाधान काय, मानून घेता येतं रे,” उस्ताद म्हणायचा. “अर्धपोटी माणूससुद्धा वर तांब्याभर पाणी पितो आणि समाधान मानतो. मन तसं मानून भरत नाही.”

“उस्ताद, पगार दुरुस्तीचा मिळतो, प्रवचनाचा नाही,” मी म्हणायचो. मग पाठीत पाना बसायचा. हलकाच.

उस्ताद गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या माघारी कपड्यांच्या कारखान्यातली मालाची लिफ्ट माझ्याकडे आली. तिच्या झाकणाला चार बोल्ट. त्यातल्या एकाचं डोकं झिजलेलं, पाना घसरायचा, अर्धा तास खायचा. पहिल्याच महिन्यात मी त्या बोल्टला शिव्या घातल्या आणि म्हटलं, पुढच्या वेळी बघू. लिफ्ट दोनदा वर-खाली केली आणि वहीत ‘समाधानकारक’ लिहून घरी जेवायला गेलो. ती पुढची वेळ छत्तीस महिने आली नाही. माझ्यासारखा आळशी माणूस शोधून सापडायचा नाही.

त्याच कारखान्यात माझ्या धाकट्या भावाची बायको गठ्ठे चढवायच्या कामाला लागली. त्याआधी भावाने मला विचारलं होतं, “दादा, तिथली लिफ्ट कशी आहे?” मी छाती पुढे काढून सांगितलं, “मी बघतो ना ती. निर्धास्त राहा.”

महिन्यापूर्वी मी तपासणीला गेलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. “भाऊजी, ही थांबल्यावर जरा खाली बसते हो.”

“बसू दे की,” मी म्हणालो. “दिवसभर तुमचं ओझं वाहते, तीही दमते.”

ती हसली. मी वहीत शेरा लिहिला. कुठला ते सांगायला नको.

परवा सोमवारी ती तिसऱ्या मजल्यावर गठ्ठा आत ढकलत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. ब्रेक धरलाच नाही आणि लिफ्ट खाली गेली. मी पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. जिन्यात एक चप्पल पडली होती आणि कोणी ती उचलत नव्हतं.

मॅनेजरने मला बाजूला घेतलं. “चौकशीला साहेब येतील. त्याआधी पट्टे बदल, जुने फेकून दे. गेट उघडं ठेवून तिनेच बटण दाबलं, असं बाकीचे सांगतील. तुझ्या वहीत ‘समाधानकारक’ आहे ना? मग तुझ्या केसालाही धक्का लागत नाही.”

मी वर गेलो. तो बोल्ट त्या दिवशी छिन्नीने पाच मिनिटांत सुटला. पाच मिनिटांत. पट्टे झिजून कागद झाले होते. झाकण उलटं केलं तर आत उस्तादचं अक्षर, तीन वर्षांपूर्वीची तारीख, ‘मन भरलं’. नवे पट्टे बसवले आणि ते अक्षर फडक्याने पुसलं. खिशातून खडू काढला, गेल्या महिन्याची तारीख टाकली आणि खाली तेच दोन शब्द लिहिले. अक्षर फार ताजं दिसत होतं म्हणून त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं. जुने पट्टे मात्र मला फेकवले नाहीत. ते थैलीत तसेच राहिले.

आज साहेब आले. त्यांनी झाकण उघडायला लावलं. भाऊ दाराशी उभा होता, तीन दिवस दाढी न केलेला.

“मन भरलं? हा कसला शेरा?”

“आमच्या उस्तादची पद्धत आहे साहेब. झाकण उघडून हात लावल्याशिवाय लिहीत नाही.”

“अशी माणसं आता राहिली नाहीत,” साहेब म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक तिचीच ठरली. जिन्यात भावाने माझे दोन्ही हात धरले. “दादा, माझ्या मनात तुझ्याविषयी वाईट आलं होतं. माफ कर. आता निदान समाधान झालं, की घरच्या माणसाच्या हातून काही घडलं नाही.”

तो मला ओढून घरी घेऊन गेला. त्याची नऊ वर्षांची मुलगी आईची शाल घडी करत बसली होती. घडी जमत नव्हती, ती पुन्हा उलगडायची, पुन्हा घालायची. भाऊ तिच्यासमोर बसला. “बाळा, आईने घाई केली गं. गेट लावलं नाही. विचार हवं तर काकाला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, आईची चूक होती?”

“हो,” मी म्हणालो.

“पण आई म्हणाली होती, लिफ्ट खाली बसते. तुम्हाला सांगितलंय, असंही म्हणाली होती.”

भाऊ हळूच वळला. “दादा, तिने तुला सांगितलं होतं?”

मला आणखी एक खोटं बोलता आलं असतं. जीभ त्या कामाला सरावली होती. पण मुलगी घडी सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थैली उघडली आणि जुने पट्टे भावाच्या हातात दिले. त्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं, उस्ताद फिरवायचा तसंच.

“हे कधी बघितलंस?”

“ती गेल्यावर.”

“आणि त्याच्या आधी?”

“कधीच नाही.”

मग त्याने मुलीला जवळ ओढलं. “आईची चूक नव्हती, बाळा. मी खोटं सांगितलं तुला.”

पट्टे त्याने माझ्या थैलीत परत टाकले आणि थैली उचलून माझ्या खांद्याला अडकवली. लहानपणी मी त्याचं दप्तर असंच अडकवायचो.

“झालं तुझं समाधान?” त्याने विचारलं, आणि दार उघडून उभा राहिला.