भाच्याचा वास

माझ्या सासूची मी जेवढी सेवा केली तेवढी आमच्या गावात दुसऱ्या कोणत्या सुनेनं केली नसेल, असं लोक अजून सांगतात. सांगोत बिचारे. पोरांची लग्नं जमवताना माझं उदाहरण देतात, तेव्हा मी पदर सावरून खाली बघते. खाली बघितलं की हसू दिसत नाही.

सासूचं नाव बायनाबाई. घरात सगळे तिला बाईच म्हणत, तिचा मुलगा देवराव, म्हणजे माझा नवरा, तोसुद्धा. गाव सिंदेवाहीपासून पाच-सहा कोस, जंगलाला लागून. जमीन धानाची. चाळीस वर्षं चिखलात वाकून रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, केल्यामुळे बाईचे गुडघे गेले होते. जीभ मात्र शाबूत होती.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा बाईची एक लाडकी आधीच होती. भुरी मांजर. धान साठवायच्या ढोलीपाशी उंदीर होतात म्हणून पाळलेली, पण तिनं उंदीर मारलेला मी कधी पाहिला नाही. मारायची गरजच नव्हती. दुधावरची साय तिला, पेज मला. दिवसभर ती बाईच्या मांडीवर पसरलेली असायची आणि बाई तिच्या कानामागे बोट फिरवत बसायची. त्या बाईच्या हातात माया होती, हे मला त्या मांजरीमुळे कळलं, नाहीतर कळायला मार्ग नव्हता. माझ्याशी बोलायचं तेसुद्धा ती भुरीला सांगायची.

"पाह्य वो भुरे, हिनं भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी टाकली?"

भुरी डोळे मिटायची. देवराव ताटात बघून जेवायचा. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माहेरी आई नव्हती, भावजय होती, त्यामुळे रुसून जायलाही जागा नव्हती.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात झिंगू आला. हा गावातलाच, बैलबंडीनं जंगलातला बांबू वाहायचा. त्यानं बंडीतून एक औषधाची जुनी बाटली काढली, तोंडाला चिंधीचा बोळा.

"वाघाची चरबी हाय, बाई. महिनाभर गुडघ्याले लावा, पोरीवानी पळान."

सरकारनं वाघ मारायला बंदी केल्याला दहा वर्षं होऊन गेली होती. म्हणून बाटली ढोलीत, धानात खुपसून ठेवायची असं ठरलं. खरंच वाघाची होती की रानडुकराची, देव जाणे. मला तर शिळ्या तुपासारखा आणि ओल्या जनावरासारखा वास यायचा. थंडीनं ती गोठायची. रोज संध्याकाळी निखाऱ्यावर धरून पातळ करायची आणि बाईच्या दोन्ही गुडघ्यांना चोळायची, हे काम अर्थात माझं.

दुसऱ्याच दिवशी भुरी सवयीनं बाईच्या मांडीवर चढली. गुडघ्याजवळ नाक नेलं आणि जागच्या जागी तिची शेपटी फुलली. कान मागे गेले. फिस्स करून तिनं बाईच्या लुगड्यावर पंजा मारला आणि थेट ढोलीवर जाऊन बसली. त्यानंतर ती खाली उतरली तरी भिंतीला धरून चालायची. बाईनं हात पुढे केला की गुरगुरायची, माझ्या मनगटाला तर दिसेल तिथे चावायची. कोपऱ्याकोपऱ्यात मुतायला लागली. सायीची वाटी तशीच वाळून जायची.

बाईला ते लागलं. फार लागलं, खोटं का बोलू. पण तिचं दुःख काठीनं बोलायचं.

"काय चारलं तू तिले?" तिनं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काठी हाणली.

मग भुरीला शांत करायचे उपाय सुरू झाले. आधी तिला बांबूच्या डालीखाली कोंडून मिरच्यांची धुरी दिली. ती आतून डालीवर डोकं आपटत राहिली. मग देवरावनं तिला गोणपाटात गुंडाळून धरलं आणि बाईनं चमच्यानं मोहाची दारू पाजली. दारूनं ती झिंगली, ओकली, आणि शुद्धीवर आल्यावर देवरावचा अंगठा फाडला. मग कोणीतरी सांगितलं की मिशा कापल्या की मांजराचा माज जातो. मिशा कापल्या. त्यानंतर ती आंधळ्यासारखी दारांना धडकायची आणि धडकली की आणखी पिसाळायची. शेवटी पोत्यात घालून बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, गार पाण्यात तीनदा बुचकळली. मी काठावर उभी होते. पोत्यातून येणारा तो आवाज मांजराचा नव्हताच.

सगळं करून झाल्यावर माझी पाळी आली. शेजारची गिरजाबाई आणि आणखी दोघी-तिघी छपरीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बाई म्हणाली, "हिनं बिघडवली, हेच सुदरवन. घे वो तिले मांडीवर. शांत झाल्याबिगर सोडू नोको."

मी घेतली. संध्याकाळची वेळ, नुकतीच चरबी चोळून झालेली, हात माखलेले. कोपरापासून बोटांपर्यंत तिनं मला सोलून काढलं. बाई तंबाखू चोळत बघत होती. हळद लावायलासुद्धा उठू दिलं नाही. "मांजरीले कळते," ती बायकांना म्हणाली. "ज्याचं मन काळं, त्याच्याजवळ ते थांबत नाई." काळ्या मनाची मी, मग स्वतः बाईजवळही ती का थांबत नव्हती, हे विचारायची गिरजाबाईची छाती नव्हती.

आमच्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, पंधरा दिवसांवर आली होती. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, माझा भाऊही येणार होता. बाईनं देवरावसमोर सांगून टाकलं, "मंडईपर्यंत भुरी पयल्यासारखी झाली त ठीक. नाई त भावासंगं जाजो. परत येऊ नोको."

मी देवरावकडे बघितलं. तो अंगठ्याची चिंधी नीट करत होता.

मंडईसाठी मी घरातली सगळी पितळी भांडी काढली. दिवसभर चिंच आणि राख घेऊन घासत बसले. दुपारी अंगणात बसले असताना पायाला काहीतरी मऊ लागलं. भुरी. तिनं माझ्या कोपराला डोकं घासलं, एकदा, दोनदा. मी श्वास रोखून बसले. आणि त्याच संध्याकाळी चरबी चोळून मी चुलीपाशी गेले तर हीच भुरी माझ्यावर फिस्कारली. दुसऱ्या दिवशी मी चरबीची चिंधी काठीला बांधून तिच्या पुढ्यात टाकली. तिची पाठ कमानीसारखी वर गेली आणि ती चिंधीला झोंबली. मग मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. गावात वाघाची डरकाळी ऐकली की आम्ही दारं लावून घेतो, आणि या बिचारीच्या घरातच वाघ येऊन बसला होता, तोही तिच्या हक्काच्या मांडीवर.

मी मूर्ख. आनंदानं जाऊन बाईला सांगितलं. गिरजाबाई तेव्हाही बसलेलीच होती.

"बाई, तिले वाघाचा वास येते. म्हणून भिते ती. चरबी बंद करा, पाय चांगले धुवा, येईन पाहा मांडीवर."

बाईनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिला शेणाची भाकर वाढली होती. मग हसायला लागली.

"मांजर कोन होय वो? वाघाची मावशी. मावशी भाच्याच्या वासाले भिते काय?"

गिरजाबाई डोळे पुसेपर्यंत हसली. बाईनं उशाची चरबी पुसायची चिंधी उचलली, मला जवळ बोलावलं आणि माझ्या तोंडावरून, नाकावरून, ओठांवरून पुसली. "घे, तूच हुंग. तूच भिते वाघाले." देवराव दारात आला होता. त्यानं बघितलं आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. चरबी चोळून झाली की चिंच-राखेनं हात कोपरापर्यंत घासायचे, लुगडं बदलायचं. ढोलीमागे अंधार असतो, तिथे फुटकी टोपली आडवी ठेवली, आत माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सुक्या मासोळ्या उकळून ते पाणी टोपलीपाशी ठेवायचं आणि पाठ करून धान निवडत बसायचं. भ्यालेल्या मांजराकडे बघायचं नसतं. हात लावायचा नसतो, बोलवायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मला स्वतःला त्या घरात कोणी असं वागवलं असतं तर बरं वाटलं असतं, तेवढंच करत गेले. चार दिवसांनी ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली. आठव्या दिवशी मांडीवर आली. मिशांचे खुंट मला टोचत होते, आणि मी रडले.

मंडईच्या दिवशी भाऊ आला तेव्हा भुरी माझ्या मांडीवर झोपलेली होती. मला पाठवायला कारणच राहिलं नाही. दिवसभर बाईची नजर माझ्या मांडीवरच होती. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटात बघतं, तशी.

भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोडीवर धुणं घेऊन गेले होते. बाई काठी टेकत ढोलीमागे गेली आणि झोपलेल्या भुरीला मानगुटीला धरून टोपलीतून ओढून काढलं. छपरीत आणून मांडीवर दाबून बसवायला गेली. गिरजाबाईनं सगळं बघितलं. भुरीनं मनगट फाडलं, बाई मागे सरकली आणि ओट्यावरून खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं, पण या वयात हाड जुळायचं नाही, घरीच सेवा करा, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं.

मी सेवा केली. हागणं-मुतणं काढलं, पाठीला जखम होऊ दिली नाही, पेज भरवली. आणि चरबी लावली. आधी संध्याकाळी लावत होते, आता सकाळीही. बाटली संपली तेव्हा बाई म्हणाली, "राहू दे, गुण नाई त्याच्यात." मी देवरावला झिंगूकडे धाडून दुसरी आणवली. "रुखमाचं पाह्य, सासूवर किती ध्यान हाय," गिरजाबाई गावभर सांगत सुटली.

बाईची खाट ढोलीच्या समोर होती. भुरी टोपलीत, मी टोपलीपाशी. पडल्या पडल्या बाई हात खाटेखाली सोडायची आणि बोटं हलवायची. "भुरे, ये माय. ये न." भुरी लांबूनच तिच्याकडे बघायची आणि शेपटी फुलवायची. "रुखमा, तिले आण न माह्याजवळ." मी आणायची. खाटेपासून दोन हातांवर ती फिस्कारून सुटायची. "पाहा बाई," मी म्हणायची, "येत नाई." मला ते आवडायचं. लपवत नाही.

माघ महिन्यात एका सकाळी मी चरबी निखाऱ्यावर धरली होती. घरात आम्ही दोघीच. बाईनं माझं मनगट धरलं. त्यावरच्या ओरखड्यांचे वण पांढरे झाले होते, त्यावरून तिनं अंगठा फिरवला. भुरीच्या कानामागे फिरवायची तसा.

"रुखमा," ती म्हणाली, "ते चरबी आज लावू नोको. पाय धुवून दे माहे, गरम पान्यानं. तू म्हनत होती न, वास येते म्हणून."

किती सोपं होतं. चुलीवर पाणी तापलेलंच होतं. माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याच वेळी ओठांवर ती चिंधी फिरल्याचं आठवलं, आणि गिरजाबाईचं डोळे पुसणं.

"काहीतरीच, बाई," मी म्हटलं. "मावशी भाच्याच्या वासाले भिते काय?"

तिनं मनगट सोडलं. मी चरबी लावली. नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळली, पार घोट्यापर्यंत. तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिनं भुरीला एकदाही हाक मारली नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी गेली.

मयताला आंघोळ घालायला बायका जमल्या. "रुखमाच घालन, तिचाच हक्क हाय," गिरजाबाई म्हणाली. शिकेकाई घातलेलं कढत पाणी. मी गुडघे घासले, घोटे घासले, बोटांच्या बेचक्या घासल्या. नवं लुगडं नेसवलं आणि छपरीत चटईवर निजवलं. बायका हळद-गुलाल शोधत होत्या, तेवढ्यात भुरी ढोलीमागून बाहेर आली.

ती सरळ चालत आली. बाईच्या गुडघ्याजवळ नाक नेलं. मग वर चढली, एकदा गोल फिरली, आणि मांडीवर अंग टाकून डोळे मिटले. घुरघुर सगळ्यांना ऐकू येत होती. एकीनं तिला हाकलायला सूप उचललं तर गिरजाबाईनं तिचा हात धरला. "राहू दे वो. मुकं जनावर, पन माया विसरलं नाई."

बायका रडायला लागल्या. देवराव, ज्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, तोही रडत माझ्याजवळ आला.

"जिती होती तवा किती बलावलं," तो म्हणाला. "तवा आली नाई. आता काऊन येऊन बसली वो?"

"मले काय माहीत," मी म्हटलं, आणि आंघोळीचा लोटा उपडा घालून ठेवला.