तीन ललकाऱ्या

माझं नाव हद्दा. आमच्या डोंगरात ओळीनं चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवतात. म्हणजे हद्द झाली बाई, आता पुरे! पुरे तर पुरे. पण देवानं जीभ अशी दिलीय, की टाळूला लोळवून ललकारी काढली तर पलीकडच्या खोऱ्यातल्या शेळ्या माना वर करतात. म्हणून गावात बाळ जन्मलं की दवाखान्याच्या ओट्यावरून ललकारी द्यायची ती मीच. मुलगा झाला तर तीन, मुलगी झाली तर एक. आजीनं शिकवलं तसं. का म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी बदाम फुलले त्या सुमाराला कागद आला. सरकारला काटकसर करायचीय, म्हणून दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद आणि आमच्या नर्सबाई कौसर यांची बदली. काटकसर म्हटली की यांचा हात पहिला बायकांच्याच ताटात जातो. आधी शाळेजवळचं मुलींचं वसतिगृह गेलं, मग शिवणवर्ग, आता ही खोली. चौकातलं कारंजं मात्र थुईथुई नाचतंय.

ती खोली नव्हती तेव्हा माझी बहीण इझ्झा जिल्ह्याला नेताना खिंडीतच खेचरावर मेली, पोटातल्या बाळासकट. आणि आता माझी नात तूदा पुऱ्या दिवसांची होती.

"अगं, आता गाडीरस्ता झालाय की," मुकादम बासू म्हणाला. हा सरकारचा माणूस. गावातल्या जन्ममृत्यूची यादी हाच पाठवतो.

"बर्फ पडल्यावर गाडी काय तुझ्या खांद्यावरून नेऊ, मेल्या?"

गुरुवारी जिल्ह्याचे साहेब कुलूप आणि ट्रक घेऊन आले. बाळंतपणाचं टेबलच उचलून न्यायचं होतं त्यांना. आम्ही साठ-सत्तर बायका पहाटेपासून दारात बसलेल्या. चहाच्या किटल्या, रोट्या, पोरंबाळं, सगळं घेऊन. तूदा अगदी उंबऱ्यावर, पोट पुढे काढून.

साहेब वाईट नव्हते. घाम पुसत म्हणाले, "आजी, माझ्या हातात काय आहे? वर्षाला तीस बाळंतपणं नसली तर खोली ठेवता येत नाही. तुमच्याकडे एकोणीसच."

"एकोणीस?" कौसरबाई उसळल्या. "साहेब, माझ्या वहीत एक्केचाळीस आहेत!"

"वहीवर मुकादमाचा शिक्का नाही. यादीवर आहे." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी यादी वाचली. सईद, मोहा, इद्दर, हम्मू...

मी कान देऊन ऐकत होते. एकोणीस नावं संपली आणि मी यादीकडे बोट केलं.

"साहेब, यात एकही मुलगी कशी नाही?"

सगळ्यांनी बासूकडे पाहिलं. तो टोपी चाचपायला लागला.

"मी कॅफेत असतो," तो पुटपुटला. "तिथून ललकारी ऐकतो. तीन ऐकल्या की चौकशी करून लिहितो. एकच ललकारी तर काय, कुणी परीक्षा पास झालं तरी देता, गाय व्याली तरी देता. मला कसं कळणार?"

"आमच्या मुली म्हणजे गाय व्याली होय रे?" तूदा ओरडली. बायका उठल्याच त्याच्या अंगावर. तो दोन पावलं मागे सरकला, पण बोललाच, "मला काय खाता? मुलींच्या वेळी तुमचाच आवाज बसतो!"

माझ्या तर कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. सत्तर वर्षांत कुणी मला इतकं खरं बोललं नव्हतं. मोजूनमापून एक देणारी मीच ना? माझ्याच जिभेनं ती खोली बंद पाडली होती.

मी उठले. "कौसर, वही आण. साहेब, पेन काढा."

कौसरबाईंनी पहिलं नाव वाचलं, तिलिला. तिच्या आईनं पोरीला उचलून वर धरलं आणि मी ललकारी दिली. एक. दुसरी. तिसरी. मग पुढची मुलगी, पुन्हा तीन. पाचव्या नावाला माझा घसा बसला, तेव्हा साठ-सत्तर जणींनी आवाज उचलला. डोंगर दणाणून गेला बाई! कॅफेतले बाप्ये पत्ते टाकून पळत आले. त्यांना वाटलं, कुणाकडे जुळे, तिळे, काय झालंय तरी काय! बावीस पोरी, बावीस वेळा तीन. आणि साहेब उभ्या उभ्या लिहीत होते, एकेक नाव, बापाच्या नावासकट. शेवटी बासूनं मुकाट्यानं शिक्का मारला.

"झालं ना?" साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"एक राहिलीय," तूदा म्हणाली. "आजी, तुझ्या वेळी किती दिल्या होत्या गं?"

"माझ्या वेळी? एकही नाही."

त्या बयांनी मग माझ्यासाठी तीन दिल्या. मी, जी कुणाच्या मयतालाही रडत नाही, ती पदरात तोंड घालून रडले. आणि ताठ उभी राहून रडले.

ट्रक रिकामा परत गेला. वसतिगृहासाठी आम्ही अजून दर गुरुवारी जिल्ह्याला जाऊन बसतो, ते सोडणार नाही.

नऊ दिवसांनी तूदा त्याच टेबलावर बाळंत झाली. मी ओट्यावर आले आणि तीन दिल्या, चांगल्या लांबलचक. खालून बासू वही घेऊन धावत आला.

"मुलगा ना गं, हद्दा?"

"मुलगी! लिही!"