नाबोरचं नाक

सेलाया गावातल्या दिव्यांग प्रौढांच्या त्या केंद्राचं नाव होतं 'फुलपाखरांचं घर', आणि मास्तर क्रिसोफोरोंचा पहिला राग त्या नावावरच होता. घरातलं सगळ्यात धाकटं फुलपाखरू एकतीस वर्षांचं होतं, सगळ्यात थोरल्याला संधिवात होता, आणि तरी संचालिका पेर्पेतुआबाई सगळ्यांना 'माझी मुलं' म्हणायच्या. चेलोला डाउन सिंड्रोम होता, वय एक्केचाळीस होतं आणि केंद्रातच दोन प्रियकर होते. तिचेही गाल ओढून बाई तिला 'बाळ' म्हणत. चेलो गाल ओढू द्यायची आणि बाईंची पाठ वळली की त्यांच्या चालण्याची नक्कल करायची. तिची नक्कल पाहून स्वयंपाकघरातल्या बायका कामं टाकून बाहेर यायच्या.

मास्तर सत्तरीचे होते, कागदी पुतळ्यांचे कारागीर. उभा जन्म त्यांनी यहूदे करण्यात घालवला होता. येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा पुतळा करायचा, अंगभर फटाके बांधायचे आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, भर चौकात उडवून द्यायचा, अशी त्यांच्या गल्लीची रीत. आता मुळातला यहूदा कसा दिसायचा हे कुणाला ठाऊक? म्हणून त्याला तोंड द्यायचं ते वर्षभरात ज्यानं कुणाला दगा दिला असेल त्याचं. मास्तरांनी तीन नगराध्यक्ष उडवले होते, पाण्याचा टँकर परस्पर वळवणारा अधिकारी उडवला होता आणि एका वर्षी सख्खा साडू उडवला होता. उजव्या हाताची करंगळी याच धंद्यात गेली. ती कुठे गेली असं कुणी विचारलं, की 'दुसऱ्या नगराध्यक्षाबरोबर' असं सांगून ते मोकळे व्हायचे.

अशा माणसाला बाईंनी बोलावलं ते मुलांना कलेतून व्यक्त व्हायला शिकवण्यासाठी. काय व्यक्त व्हायचं तेही बाईंनी ठरवूनच ठेवलं होतं. फुलपाखरं, बदाम आणि पांढरी कबुतरं. मास्तरांनी पहिला आठवडा कबुतरांवर काढला आणि दुसऱ्या आठवड्यात सांगून टाकलं, ज्याला जे करायचं ते करा, मला फक्त खळीत गाठी नकोत. चेलोनं बैल केला. बैलाला जे असतं ते तिनं इतकं ठसठशीत केलं, की बाईंनी घाईघाईनं तिथे गुलाबी फीत बांधली. चेलोनं ती सोडवून स्वतःच्या केसांत बांधली.

नाबोर या सगळ्यांत वेगळा. चौतिसाव्या वर्षीही महिन्याकाठी दहाएक शब्द बोलायचा, तेही गरज पडली तर. त्याचा सगळा कारभार नाकावर चालायचा. कागदाची पट्टी उचलली की हुंगायची, खळीत बुडवून पुन्हा हुंगायची, मग चिकटवायची. नवा माणूस भेटला की त्याची बाही हुंगायची आणि त्यानंतर त्या माणसाला तो कधी विसरायचा नाही. इर्मिला आत्या त्याला सांभाळायची. ती म्हणायची, आमचा नाबोर बाजाराच्या तोंडाशी उभा राहून कुणाचं मटण कालचं आहे ते ओळखतो, म्हणून खाटीक त्याला बघून हसत नाहीत.

सात आठवडे खपून नाबोरनं एक माणूस केला. दोन वीत उंच, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, जाड भुवया, आणि नाक हातभर लांब. हो, हातभर. नाकाच्या भारानं पुतळा पुढे कलायचा म्हणून नाबोरनं त्याच्या पायात खडे भरले. मास्तरांना ते नाक आवडलं होतं. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांनी जे केलं त्याला अडाणीपणाची सबब चालायची नाही.

झालं असं, की नगरपालिकेत प्रदर्शन ठरलं. बाईंनी पुतळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं, असं नाक बघून लोक समजतील की आम्ही मुलांची थट्टा करतो, किंवा त्यांना नीट शिकवत नाही. मास्तर, तुम्ही जरा हात फिरवा ना. मास्तरांनी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण पुतळ्याखालच्या पाटीवर 'मार्गदर्शक' म्हणून त्यांचं नाव छापलेलं होतं आणि गावातले झाडून सगळे कारागीर तिथे येणार होते. शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर त्यांनी करवतीनं ते नाक कापलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि त्या जागी नवं घडवलं. सरळ, तरतरीत, नाकपुड्यांसकट. सेलायात तसं नाक कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

पुतळ्याला पहिलं बक्षीस मिळालं. नाबोर इस्त्रीचा शर्ट घालून, आत्याचा हात धरून आला. पुतळ्यासमोर उभा राहिला, वाकला आणि पायापासून वर हुंगत गेला. नाकाशी थांबला. तिथे ओली खळ होती आणि विडीचा वास होता. विडी ओढणारा माणूस केंद्रात एकच. नाबोर वळला, मास्तरांची बाही हुंगली आणि घरी निघून गेला.

सोमवारी तो केंद्रात आला, पण कार्यशाळेच्या उंबऱ्याच्या आत येईना. व्हरांड्यातल्या बाकावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. मंगळवारी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. मास्तरांनी पहिल्यांदा थंडीला दोष दिला, मग जेवणाला.

चेलो मात्र त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, तुम्ही त्याचं नाक कापलंत."

"पुतळ्याचं कापलं, चेलोबाई. त्याचं नाही."

"अहो, पुतळा म्हणजे नाबोरच की. स्वेटर दिसला नाही? डोळे आहेत का बटणं?"

मास्तरांनी व्हरांड्याकडे पाहिलं. बाकावर नाबोर बसला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरमध्ये, जाड भुवया खाली घालून. सात आठवडे तो त्यांच्या नजरेसमोर स्वतःला घडवत होता आणि पन्नास वर्षं माणसांची तोंडं घडवणाऱ्या कारागिराच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. 

त्यात बाईंनी जाहीर केलं, की ईस्टरपर्यंत नाबोर कामाला लागला नाही तर त्याला मण्यांच्या खोलीत पाठवायचं. मण्यांच्या खोलीत दिवसभर मणी ओवायचे असत. संध्याकाळी मदतनीस बायका त्याच माळा सोडून मणी पुन्हा डब्यात भरत, म्हणजे उद्याला काम शिल्लक राही. एकदा त्या खोलीत गेलेला माणूस परत आलेला मास्तरांनी पाहिला नव्हता.

सरळ जाऊन माफी मागावी, तर ते मास्तरांच्या रक्तात नव्हतं. बायकोची माफीसुद्धा त्यांनी तिच्या मयताला मागितली होती. त्यांनी वेगळीच वाट काढली. एके सकाळी बोरूच्या काड्यांचा पुरुषभर उंचीचा सांगाडा खांद्यावर घेऊन आले, कार्यशाळेचं दार सताड उघडं ठेवलं आणि व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात यहूदाची सगळी कथा सांगितली. यंदाचा यहूदा आपण करायचा, म्हणाले. ज्यानं तुम्हाला दगा दिला त्याचं तोंड लावा, मला विचारायची गरज नाही. बोलण्याच्या भरात त्यांनी गल्लीची आणखी एक रीत सांगितली. ज्याचं तोंड असेल त्यानं, छातीत दम असेल तर, स्वतः येऊन वात पेटवायची. "पन्नास वर्षांत एक मर्द पुढे आला नाही," मास्तर म्हणाले. "नगराध्यक्ष पलंगाखाली लपला. साडू तर गाव सोडून गेला."

नाबोर उंबऱ्यावर उभा होता. आत आला, बोरू हुंगला, सांगाडा उचलून कोपऱ्यात नेला आणि समोर एक जुनी चादर टांगली. मग मास्तरांच्या हातांकडे बघत म्हणाला, "हात नाही."

"कुणी हात लावणार नाही," मास्तर म्हणाले.

"हात नाही," नाबोर पुन्हा म्हणाला. पहिल्या खेपेला त्याचा विश्वास बसला नव्हता.

पुढचे चार आठवडे मास्तर खुशीत होते. यहूदा बाईंचाच होणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाक कापायचा हुकूम त्यांचा, मण्यांच्या खोलीचा हुकूम त्यांचा, दुसरं कोण असणार? एक दिवस चेलो दोरी घेऊन आली आणि मास्तरांच्या टोपीचा घेर मोजून गेली. विचारलं तर म्हणाली, बैलाला टोपी करायची आहे. मग मास्तरांचा तारेनं बांधलेला जुना चष्मा नाहीसा झाला. त्यांना वाटलं, बाईंनाही चष्मा आहे, नमुन्याला नेला असेल. सगळी कार्यशाळा चादरीच्या आत जाऊन यायची आणि बाहेर येऊन मास्तरांकडे बघत फिदीफिदी हसायची. मास्तरही बरोबरीनं हसायचे. एवढी सगळी मंडळी एका गोष्टीवर खूश आहेत हे बघून त्यांना भरून यायचं.

फटाके बांधायचं काम मात्र मास्तरांचंच, तिथे ते कुणाला फिरकू देत नसत. नाबोरनं यहूदाचं डोकं आणि हात पोत्यात गुंडाळून धड तेवढं त्यांच्यापुढे केलं. मास्तर पोटापासून मानेपर्यंत माळा गुंडाळत गेले आणि कुरकुरत गेले. पोट फार सुटलंय, म्हणाले. बाई कशाही असोत, इतक्या ढेरपोट्या नाहीत. ही ढेरी एखाद्या आळशी म्हाताऱ्याची वाटते. चेलोला हसू इतकं अनावर झालं, की तिला धावत मोरीकडे जावं लागलं.

शनिवारी अकरा वाजता केंद्रासमोरचा चौक भरला. नाबोरची आत्या आली, खाटीक आले, बाजूच्या गल्लीतले कारागीर आले. बाईही आल्या, पांढरा पोशाख करून. यहूदाला आपलं तोंड असल्याची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती, त्यामुळे सगळं खिलाडूपणे घ्यायचं असं ठरवूनच त्या आल्या होत्या, आणि त्यासाठीचं हसू सकाळपासून चेहऱ्यावर धरून ठेवल्यानं त्यांचे गाल दुखत असावेत. दोन खांबांमध्ये दोरी बांधून यहूदा टांगला होता. नाबोरनं चादर ओढली.

टोपी. तारेनं बांधलेला चष्मा. सुटलेलं पोट. उजव्या हाताला चारच बोटं, आणि त्या चार बोटांच्या मुठीत तसंच हातभर लांब नाक.

 आधी एक खाटीक हसला, मग सगळा चौक हसला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा बाई हसल्या, कारण त्या सुटल्या होत्या. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते जवळ जाऊन बघत होते. पुतळ्याची मान किंचित खाली झुकली होती आणि नजर चोरटी होती. प्रदर्शनात नाबोर बाही हुंगायला वाकला तेव्हा मास्तरांनी जशी नजर फिरवली होती, अगदी तशी. त्यांना वाटलं होतं, ती कुणी पाहिली नाही. पन्नास वर्षांत असा चेहरा त्यांच्या हातून एकदाही उतरला नव्हता.

नाबोरनं काड्यापेटी पुढे केली.

"मास्तर," चेलो म्हणाली, "रीत तुम्हीच सांगितलीत हं. पलंग तिकडे आहे."

पळून जायला सबब म्हणून म्हातारपण होतं, गुडघे होते, रक्तदाब होता. मास्तरांनी तिन्ही आठवून पाहिले. मग काडी ओढली, वात पेटवली आणि जितकं मागे सरायला हवं त्याहून एक पाऊल कमीच सरले. आधी पोट उडालं. मग टोपी चर्चच्या कठड्यापर्यंत गेली. डोकं फुटलं तेव्हा इर्मिला आत्यानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि लगेच टाळ्या वाजवल्या.

धूर विरला तेव्हा जमिनीवर चार बोटांचा हात पडला होता आणि मुठीत नाक शाबूत होतं. त्या हाताला फटाके बांधू द्यायचे नाहीत हे नाबोरनं आधीच ठरवून ठेवलं असणार. त्यानं ते नाक सोडवून घेतलं, हुंगलं आणि तडक केंद्रात शिरला. मास्तर मागे, बाई त्यांच्या मागे, बाकीचे त्यांच्या मागे.

बाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात बक्षिसाचा पुतळा उभा होता. नाबोरनं कपाट उघडलं, सेलायातलं सगळ्यात देखणं नाक मुठीत धरलं आणि कडकन मोडलं.

"मास्तर, अहो थांबवा त्याला," बाई ओरडल्या.

नाबोरनं मागे न बघता हात पसरला. "खळ."

मास्तर गेले आणि खळीचं भांडं घेऊन आले. तळापर्यंत ढवळून आणलं होतं, एक गाठ नव्हती. ते त्यांनी नाबोरच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर बसले.

नाबोर पट्ट्या हुंगून लावत होता. नाक लागलं ते डावीकडे चांगलं दोन बोटं कलून लागलं. बाईंना ते दिसलं. निदान सरळ तरी करून द्या, पाहुणे येतात इथे, असं त्या मास्तरांच्या कानाशी लागून पुन्हा पुन्हा सांगू लागल्या.

"माफ कर, नाबोर," मास्तर बाईंकडे न बघता म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "मी हात लावणार नाही."

पण तिरकं नाक डोळ्यांसमोर होतं आणि बोटं शिवशिवत होती. शेवटी मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि नऊच्या नऊ बोटांवर दाबून बसले.

नाबोरनं खळीचे हात स्वेटरला पुसले. मास्तरांजवळ आला, वाकला आणि त्यांची बाही हुंगली. फटाक्यांच्या दारूचा वास, विडीचा वास, खळीचा वास. बराच वेळ हुंगत राहिला.

"सोमवारी," तो म्हणाला.

सोमवारी केंद्राला ईस्टरची सुट्टी होती. मास्तर हो म्हणाले.